मोठेबाबा लुसर्नला उपाशी राहिले

स्वित्झर्लंडमधल्या लुसर्न नावाच्या शहरात, भर चौकातल्या दगडी हौदाच्या तोटीवर तळहात दाबून उभा असलेला, कानाला मफलर गुंडाळलेला सत्तरीचा एक माणूस "अबे, याचा कॉक कुठी हाय?" असं ओरडताना तुम्हाला दिसला असेल, तर ते आमचे मोठेबाबा. म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्या शहरात जागोजागी असे हौद आहेत. प्यायचं पाणी, रात्रंदिवस वाहतं, आणि बंद करायची सोयच नाही. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून सारी नोकरी काढलेल्या माणसानं हे सहन करावं तरी कसं? त्यांनी तोटी आणखी जोरात दाबली, पाणी बोटांमधून उडालं आणि मोठ्या आईचा, म्हणजे माझ्या काकूचा, टूरसाठी घेतलेला नवाकोरा स्वेटर चिंब झाला.

"पाहा, पाहा! पाणी वाया चालून राह्यलं, अन् हे लोकं कुत्रे फिरवून राह्यले!"

मग त्याच तोटीखाली ओंजळ धरून ते घटाघटा पाणी प्यायले. "सरकारी पाणी हाय," मिशा पुसत म्हणाले.

मोठेबाबांना राग येतो असं म्हणणं चूक आहे. राग त्यांच्याकडे कायमचा मुक्कामाला असतो. आमच्या नाचणगावात कोणाच्या अंगणात नळ गळताना दिसला की ते सायकलवरून उतरतात, फाटक उघडून आत जातात, नळ बंद करतात, घरमालकाला चार शब्द सुनावतात आणि चहा न घेता निघतात. नोकरीत असताना पाण्याची पाळी संपली म्हणून त्यांनी सख्ख्या साळ्याच्या, म्हणजे मोठ्या आईच्या भावाच्या, शेताकडे जाणाऱ्या कालव्याचं गेट बंद केलं होतं. चण्याला शेवटचं पाणी हवं होतं, साळा हातापाया पडला. "नियमात बसत नाई," एवढंच उत्तर. त्यापुढची दोन वर्षं मोठ्या आईला माहेरची दिवाळी नव्हती. मला या माणसाचा लहानपणापासून राग आहे, तो मी लपवत नाही.

तरी दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्यासोबत दहा दिवसांच्या टूरला मीच गेलो. देवळीच्या शाळेत भूगोल शिकवतो म्हणून अख्खा युरोप मला पाठ आहे असा आमच्या घरात समज आहे. टूरमध्ये लुसर्नला एक दिवस मोकळा होता. मोठेबाबांची एकुलती एक लेक वैशाली तिकडेच बासलला असते. नवराबायको दोघंही नोकरीत. लग्नाला आठ वर्षं झालेली, आणि गेल्या तीन वर्षांत तिचं इकडे येणं झालं नव्हतं. तिनं मला आधीच फोन केला होता. "दादा, मले बाकी काही नको. एक दिवस आईबाबांना माझ्या पैशानं पोटभर जेवू घालायचं आहे. एवढं जमव."

मी म्हटलं, हे काय अवघड आहे?

सकाळी ती स्टेशनवर उतरली. मोठ्या आईनं तिला तिथंच कवटाळलं. मोठेबाबांनी आधी गाडीकडे आणि मग घड्याळाकडे बघितलं. "एक मिनट लेट हाय," म्हणाले. तीन वर्षांनी लेक दिसते आणि हा माणूस रेल्वेच्या चुका काढतो!

स्टेशनबाहेर तिनं कॉफी आणली. मोठेबाबांनी कप दोन बोटांत धरून उचलला. "हा कप हाय का देवाची पळी? आचमन कराचं का?" कप परत. मोठ्या आईनंही घेतली नाही, तिचा म्हणे उपवास होता. कसला, विचारलं तर म्हणाली, "सांगतला का मोडते."

तिथं नदीवर छपराचा जुना लाकडी पूल आहे. आढ्याला चित्रं लावलेली आहेत, सारं जग ती बघायला येतं. मोठेबाबांनी चित्रांकडे पाठ केली आणि कठड्यावरून वाकून नदी बघितली. जरा पुढे एक बंधारा आहे. लाकडाच्या दांड्या ओळीनं उभ्या लावून तळ्याचं पाणी अडवतात, आणि त्या हातानं काढतात-घालतात. बस्स, तिथं पाऊण तास गेला.

"आपल्या इथी बंधाऱ्याचे बरगे लोकं चुलीत घालते," ते माझ्यावरच डाफरले, जणू त्या पाणी अडवायच्या फळ्या मीच जाळल्या. "अन् यायचं पाहा! एक दांडी इकडची तिकडे नाई!"

"बाबा, चला न जेवाले," वैशाली तिसऱ्यांदा म्हणाली.

"कामाचं पाहू दे थोडं!"

तिनं एका भारतीय हॉटेलात टेबल राखून ठेवलं होतं. मालकाला सांगून भरली वांगी करवून घेतली होती. हा सगळा खटाटोप तिनं बासलहून फोनवर केला होता. आम्ही बसलो, वांगी आली, वास सुटला. मोठेबाबांची नजर टेबलावरच्या मेणबत्तीवर गेली.

"लाइन गेली का इथची?"

"नाही बाबा, अशीच लावतात."

"मग मी नाई जेवत. भर दुपारी मेणबत्ती लावून मयताच्या घरी जेवते. हे नियमात बसत नाई."

मी फुंकर मारून मेणबत्ती विझवली, तर धुराचा वास आला म्हणून पुन्हा रागावले. मग जॅकेटच्या खिशातून घरच्या चिवड्याची पुडी काढली, टेबलावरच सोडली, खाऊ लागले आणि वाढायला आलेल्या पोऱ्यालाही मूठभर दिला. वैशालीनं दोन घास कसेबसे गिळले आणि आपल्या ताटातलं बाकीचं बांधून घेतलं. मी मात्र मोठेबाबा आणि मोठ्या आईच्या वाटची वांगी संपवली. राग आला की मला भूक लागते.

दुपारभर तेच. चॉकलेट घेतलं, तर "कडू जहर." सफरचंद घेतलं, तर "मेण लावलं हाय." पाण्याची बाटली घेतली, तर पुन्हा हौद गाठला. पोरगी प्रत्येक वेळी नवीन काहीतरी आणायची आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा थोडा आणखी उतरायचा. माझ्या डोक्यात घण पडत होते.

चार वाजता आम्ही तळ्याकाठच्या बाकावर बसलो. समोर बर्फाचे डोंगर, पाण्यात हंस, आणि वैशालीची गाडी पाचची. तेवढ्यात मोठेबाबांनी दुसऱ्या खिशातून कागदात गुंडाळलेली पुरी काढली. टूरवाल्यांनी सकाळी दिलेली. वातड, गारढोण. ती ते चावू लागले आणि माझा ताबा सुटला.

"लाज वाटू द्या थोडी, मोठेबाबा! टूरवाल्याची शिळी पुरी चालते, रस्त्यावरच्या हौदाचं पाणी चालते, अन् पोरीच्या हातचा एक घास नाई चालत? ती का तुमची दुश्मन हाय?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला होता. आता हा माणूस मला तळ्यात ढकलणार, असं वाटलं. त्यांनी पुरी पुन्हा कागदात गुंडाळली आणि मान खाली घातली. वैशाली उठली. "येते मी," एवढं बोलून काठावरच्या एका हातगाडीकडे गेली. तिथं एकजण निखाऱ्यांवर चेस्टनट भाजत होता. आपल्याकडे भुईमुगाच्या शेंगा भाजतात तसं.

मोठ्या आईनं माझी बाही ओढली.

"काऊन ओरडला रे त्यायच्यावर? लेकीले लेकरू होत नाई तवरीक मायबाप तिच्या घरचं खात नाई. तिच्या पैशाचं म्हणजे तिच्या घरचंच. आठ वर्षं झाले, किती दवाखाने झाले. आता हे रीत तिच्या तोंडावर सांगतली का तिच्या काळजाले घरं पडन. म्हणून सकाळपासून भांडून राह्यले. बापाच्या रागाची सवय हाय तिले. पण लेकराचं तिले आठवाले नोको."

मला माझीच लाज वाटली. पण राग काही गेला नाही, फक्त त्यानं जागा बदलली. ही रीत कोणी काढली, त्याला शोधून कॉलर धरावीशी वाटली. पोटची पोर आठ वर्षं झुरते, आणि वर तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही? आग लागो असल्या रीतीला!

वैशाली कागदाची गरम पुडी घेऊन आली. बापाच्या शेजारी बसली.

"बाबा, मले कॉफीपासून माहीत आहे," ती म्हणाली. "लहान आहे का मी? मावशीले लेकरू नव्हतं, तिच्या घरून आजोबांना पाण्याविना परत येताना पाह्यलं नाई का मी? दिवसभर वाट पाहून राह्यली, का इतक्या दूर येऊन तरी बाबा रीत सोडतीन म्हणून. माझ्यासाठी एक रीत सोडवत नाई तुमच्यानं?"

तिचाही आवाज चढला होता. अगदी बापावर गेली आहे.

मोठेबाबा बोलले ते इतक्या हळू, की मला आवाज ओळखू येईना. "खाल्लं म्हणजे मी मानलं, का आता होत नाई. मी नाई मानलं अजून."

"मी मानलं, बाबा. आम्ही दोघांनीही मानलं. औंदा दवाखाना बंद केला. जेवढं रडायचं तेवढं रडून घेतलं. आता बरे आहो आम्ही, खरंच बरे आहो. तुम्हीच एकटे थांबून राह्यले."

तळ्यातली एक बोट भोंगा वाजवून सुटली. वैशालीनं पुडीतला एक चेस्टनट काढला, बोटं भाजत असताना फुंकर मारत सोलला आणि बापाच्या तोंडासमोर धरला.

"हे माझ्या पैशाचं आहे. माझ्या घरचं."

मोठेबाबा त्याच्याकडे बघत राहिले. हे आता याच्यातही खोड काढणार, अशी मला धास्ती होती. मग ते वाकले आणि तिच्या हातूनच तो तोंडात घेतला. मोठ्या आईनं डोळ्यांना पदर लावला आणि दुसरा हात मुकाट्यानं पुडीकडे नेला.

मोठेबाबांनी तो एवढासा घास खूप वेळ चावला.

"कच्चं हाय लेकाचं," ते तळ्याकडे बघत खेकसले. थोड्या वेळानं, अजून तिकडेच बघत, म्हणाले, "आणखी एक सोल."