न झालेली उलटी

"काल रात्री उलटी झाली तिला. दोनदा," मर्व्हिन पेंडलबरी फोनवर म्हणाला आणि समोर बसून दुसऱ्या टोस्टचा फडशा पाडणाऱ्या नातीकडे त्यानं पाठ फिरवली. खोटं बोलताना निदान साक्षीदाराच्या डोळ्यांत पाहू नये, एवढी लाज त्याच्यात शिल्लक होती.

पलीकडे पाळणाघराची संचालिका ब्रॉनविन होती. "अरेरे! बिचारी. लिहून घेते हं. जपा पोरीला."

"जपतोय," मर्व्हिन म्हणाला. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

चार वर्षांची विला शनिवार-रविवार सोडून गेले नऊ दिवस पाळणाघरात गेली नव्हती. पहिल्या सोमवारी सर्दी, मग खोकला, मग उजवा कान, मग डावा. माणसाला कान दोनच असल्यामुळे पुढं पोटाकडे वळावं लागलं, आणि शेवटच्या गुरुवारी गाडी उलटीवर येऊन थांबली. मर्व्हिन देवभोळा माणूस. बॅलरॅटच्या त्या छोट्या चर्चमध्ये चाळीस वर्षं खालच्या पट्टीत गाणारा. पाद्री गाऊन सांगत तेव्हा उपदेश त्याच्या थेट काळजात उतरे आणि डोळे भरून येत. पण सोमवारी सकाळी फोन उचलला की रविवारचा उपदेश कुठं जाई कोण जाणे.

कारण एकच होतं. त्याची मुलगी टॅम्सिन परिचारिका. तिला ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तर टोकाला, डार्विन शहरात नोकरी लागली होती. दोन आठवडे आधी जाऊन ती तिथं घर बघत होती, आणि या शनिवारी येऊन विलाला कायमची घेऊन जाणार होती. तीन हजारांवर किलोमीटर. मर्व्हिनची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात आवाज म्हणून जो होता, तो या पोरीचा.

"पाळणाघरात पाठव हं डॅड," टॅम्सिन निघताना बजावून गेली होती. "शेवटचे दिवस आहेत. मैत्रिणींचा, त्या मार्लीचा तरी, नीट निरोप घेऊ दे तिला."

"पाठवतो ना," मर्व्हिन म्हणाला होता.

आणि दुसऱ्याच दिवशी दोघं तळ्यावर काळ्या हंसांची पिल्लं बघत बसली होती. विलानं फोनवर आईला पिल्लांचं सगळं वर्णन सांगितलं, तर टॅम्सिन म्हणाली, "अगंबाई, बाईंनी सहल काढली वाटतं!" मर्व्हिननं घसा खाकरला आणि हवापाण्याचा विषय काढला.

त्यानं हे बेफिकिरीनं केलं होतं असं नाही. सरकारी सवलतीची पुस्तिका चष्मा लावून वाचली होती. पाळणाघराच्या फीचा मोठा वाटा सरकार भरतं, आईबापांची कमाई बघून. आणि मूल वर्षाला बेचाळीस दिवस गैरहजर राहिलं तरी तो वाटा बंद होत नाही. विलाचे जेमतेम अकरा झाले होते. म्हणजे टॅम्सिनचं नुकसान काहीच नाही! देवाच्या आणि सरकारच्या दयेला सीमा नसते, असं वाटून त्यानं पुस्तिका आठव्या पानावर मिटली.

गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये गाण्याचा सराव होता. विला बाकावर चित्रं काढत बसली. शेजारी गाणारी एल्सा दुसऱ्या एका पाळणाघरात वीस वर्षं कागदपत्रं सांभाळून निवृत्त झालेली. तिला मर्व्हिननं मोठ्या फुशारकीनं आपला बेचाळिसाचा हिशोब ऐकवला.

एल्सानं गाण्याची वही मिटली. "अरे मर्व्ह, उद्या तिचा शेवटचा दिवस ना? तू उद्याही पाठवणार नाहीस?"

"छे! उद्या मासे पकडायला जायचंय आम्हाला."

"मग ठार मेलास तू."

"का गं?"

"अरे बाबा, मधल्या सुट्ट्यांना सवलत आहे. मूल परत आलं तर. शेवटची हजेरी ज्या दिवशी लागली, त्याच्यापुढं सगळी पूर्ण फी. पोर दोन आठवडे आलीच नाही आणि नाव कमी झालं, तर दहाच्या दहा दिवसांचे पूर्ण पैसे टॅम्सिनच्या बोकांडी. पुढचं पान वाचलं नाहीस का?"

देवाचं माहीत नाही, पण सरकारच्या दयेला सीमा होती आणि ती नवव्या पानावर छापलेली होती. मर्व्हिनच्या डोळ्यांपुढं टॅम्सिन उभी राहिली. सामानाच्या ट्रकचे पैसेसुद्धा तिनं जादा पाळ्या करून जमवले होते.

"आता गं?"

"आता काय! उद्या घेऊन जा. तासभर का होईना, हजेरी लागली की मागचं सगळं सुटलं. एवढं काय तोंड पाडतोस?"

मर्व्हिनचा जीव भांड्यात पडला. मासे गेले, पण पैसे वाचले. त्या संध्याकाळी तो इतक्या कृतज्ञतेनं गायला की बाकीच्यांना त्याला दोनदा आवरावं लागलं.

शुक्रवारी आठ वाजता, विलाला न्हाऊमाखू घालून, टोपी-डबा देऊन तो पाळणाघराच्या दारात हजर झाला. ब्रॉनविन दारातच आडवी आली.

"अहो मर्व्हिन, हे काय? उलटी झालेलं मूल अठ्ठेचाळीस तास आत येऊ शकत नाही. पोटाची साथ आली तर अख्खं पाळणाघर आडवं होईल माझं."

"पण ती बरी आहे आता. बघा ना!"

विला एका पायावर उड्या मारत होती.

"दिसतंय. पण नोंद तुमच्याच तोंडची आहे. बुधवारी रात्री, दोनदा."

"तशा लहानच होत्या हो."

"किती लहान?"

"अगदी लहान. म्हणजे... जवळजवळ नव्हत्याच."

"मर्व्हिन, उलटी असते तरी, नाहीतर नसते तरी."

मागं हजेरी लावायला आईबापांची रांग लागली होती. त्यात चर्चमधल्या तिसऱ्या बाकावरच्या मिसेस ऑलड्रिज नातवाला घेऊन उभ्या होत्या आणि कान टवकारून ऐकत होत्या. मर्व्हिननं टोपी काढली.

"नव्हती झाली," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोला. आतून पोरं रडताहेत, ऐकू येत नाही."

"नव्हती झाली उलटी! सर्दीही नव्हती. कानही दुखत नव्हते. एकही नाही. मी खोटं बोललो."

ब्रॉनविननं शांतपणे नोंदवही पुढं केली. "मग तसं लिहा. नोंद बदलायची तर सही लागते."

मर्व्हिननं लिहिलं. लिहून झाल्यावर तिनं ते वाचलं, वही मिटली आणि हळूच म्हणाली, "मंगळवारी तळ्यावर पाहिलं होतं मी तुम्हाला. पोट दुखणारी मुलगी तोंडाएवढी खिम्याची पेस्ट्री खात होती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलणार? इतकी खुशीत होतात दोघं, हाक मारवेना माझ्याच्यानं."

हजेरी लागली. टॅम्सिनचे पैसे वाचले. मर्व्हिननं मनातल्या मनात देवाचे आभार मानले. माफी नंतर मागू म्हणाला. एका सकाळी एक कबुलीजबाब पुरे.

तेवढ्यात विला आत जाऊन खोलीभर फिरून परत आजोबांकडे आली. "पॉप, मार्ली कुठाय?"

ब्रॉनविननं मर्व्हिनकडे पाहिलं. "मार्लीचे दिवस सोमवार ते गुरुवार. शुक्रवारी ती येत नाही. काल संध्याकाळपर्यंत वाट पाहत होती. विलाच्या घराचा पत्ता विचारत होती, पण तो आम्हाला देता येत नाही ना कुणाला. आणि आता तर ती आईबरोबर सुट्टीला गावाबाहेर गेलीये."

मग तिनं कपाटातून कागदांचा गठ्ठा काढून विलाच्या हातात ठेवला. रोज सकाळी गोल करून बसल्यावर पोरांनी विलासाठी काढलेली चित्रं. लाल कानांची विला. नाकातून निळं पाणी वाहणारी विला. सगळ्यात वर मार्लीचं चित्र: एक पलंग, शेजारी बादली, आणि पलंगापाशी हात धरून उभी असलेली दुसरी मुलगी. खाली बाईंनी तिच्या सांगण्यावरून लिहिलेलं, लवकर बरी हो, मी तुझी जागा धरून ठेवलीय.

विलाला वाचता येत नव्हतं, पण पलंग कळत होता. "पॉप, कोण आजारी होतं?"

मर्व्हिन गुडघ्यांवर बसला. चाळीस वर्षं ऐकलेल्या उपदेशांतली एकही ओळ त्याला त्या घडीला आठवेना.

"मी होतो गं, बाळा."

विलानं चित्र नीट न्याहाळलं, मग त्याचं तोंड न्याहाळलं.

"तू आजारी होतास," ती म्हणाली, "तर मला का नाही पाठवलंस?"