परसातलं तळं

मंगळवारी साहेबांनी फर्मान काढलं. येत्या सोमवारपासून नगरपालिकेच्या सगळ्या खात्यांचा नकाशा एकच. एकाने भरलेली माहिती बाकीच्यांना आपोआप दिसली पाहिजे.

फर्मान चुकीचं नव्हतं. तोवर एकच गल्ली रस्ते विभागाच्या नकाशात डावीकडे वळायची, पाणी विभागाच्या नकाशात उजवीकडे, आणि अग्निशमन दलाच्या नकाशात ती गल्लीच नव्हती. काम नकाशा विभागातल्या आरेखकाकडे आलं. एकोणीस वर्षांत रेघ न चुकलेल्या या माणसाला सगळे अचूकराव म्हणत. तोंडावर आदराने, माघारी जरा वेगळ्या सुरात.

शनिवारी अचूकरावांनी चाचणी घ्यायचं ठरवलं. दुसऱ्याच्या जागेशी खेळ नको, म्हणून स्वतःच्याच घराचं परस निवडलं आणि तिथे एक तळं काढलं. लांबी सहा मीटर, रुंदी पाच. रिकामा रकाना त्यांना बघवत नसे, म्हणून खोलीसुद्धा भरली: तीन मीटर. मग पाणी विभागाला फोन लावला.

"दिसलं का?"

"दिसलं! निळंशार दिसतंय!"

तेवढ्यात साहेबांनी पाठ थोपटायला बोलावून घेतलं. पाठ थोपटून घेण्याच्या नादात तळं पुसायचं राहून गेलं.

बुधवारी सकाळी घराच्या दारात धूर फवारणारा उभा. "तळं कुठंय?"

"कसलं तळं?" बायको म्हणाली. "मागे कपडे वाळत घातलेत."

"वहिनी, नकाशात आहे म्हणजे आहे. डास होतील." आणि त्याने सहा बाय पाच मीटरमधल्या सगळ्या कपड्यांना यथासांग धुरी दिली.

गुरुवारी अग्निशमन दलाचा बंब आला. आग लागली तर जवळचं पाणी कोणतं, याची पाहणी होती. जवानांनी पंपाची नळी परसात टाकली, पंप चालू केला आणि लिंबाच्या झाडाखालची सगळी वाळली पानं ओढून घेतली. शुक्रवारी उद्यान खात्याने पाटी ठोकली: ‘खोल पाणी. पोहण्यास सक्त मनाई.’ त्या पाटीला टेकून अचूकरावांचे सासरे पेपर वाचत बसले.

इथवर अचूकराव गप्प होते. तळं कोणी काढलं, हे त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. पुसायला गेले, तर संगणक म्हणाला, पाच खात्यांनी हे तळं आपल्या नोंदीत घेतलं आहे, पाचही खात्यांची संमती आणा. आणि संमती मागायची तर चूक लेखी कबूल करायची. एकोणीस वर्षांनी! ‘बघू पुढच्या आठवड्यात,’ असं म्हणून ते मूग गिळून बसले.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. सासरे निवृत्त पोस्टमन होते. उभी हयात दुसऱ्यांचे जिने चढण्यात गेल्याने आता स्वतःच्या घरचा जिना चढवत नव्हता. त्यांची झोपायची खोली वर, जेवणघर खाली. खाली उतरले की संध्याकाळपर्यंत वर जायचं नाव नाही, दुपारी खुर्चीतच मान टाकायची. म्हणून परसात एक खोली बांधायचा अर्ज महिन्यापूर्वीच दिला होता. उत्तर असं होतं: ‘प्रस्तावित खोली तळ्यात येत असून तळ्याची खोली तीन मीटर आहे. सबब परवानगी नाकारण्यात येत आहे.’

सासऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं, नीट घडी घातली आणि म्हणाले, "असू दे. चालवून घेऊ."

ते ‘असू दे’ अचूकरावांच्या जिव्हारी लागलं. "बाबा, ते तळं मी काढलंय."

बायकोने कपाळावर हात मारला. सासरे मात्र जावयाकडे वळले. "जावईबापू, मी एकदा लग्नाची पत्रिका सुतकाच्या घरी टाकून आलो होतो. परत जाऊन पाया पडलो. जा, सांगून टाका."

दुसऱ्या दिवशी अचूकराव बांधकाम परवानगीच्या बाईंसमोर उभे राहिले. "बाई, ते तळं नाहीच आहे. चूक माझी आहे. लेखी देतो."

"नाही कसं? धूर मारल्याची नोंद आहे, पंप लावल्याची आहे, पाटी लावल्याची आहे. नसलेल्या तळ्यावर एवढा खर्च झाला, असं लिहून द्यायचंय का? पाच साहेब अडकतील."

"मग पुसायचं कसं?"

"तळं पुसायचा अर्ज नसतो हो. बुजवायचा असतो." बाईंनी दुसरा कागद पुढे केला.

आजवर एका गल्लीच्या वळणावर एकमत न झालेल्या पाच खात्यांनी तळं बुजवायला तीन दिवसांत संमती दिली. रस्ते विभागाचा तर आनंद गगनात मावेना. त्यांच्या खोदकामाची माती टाकायला जागा नव्हती, आणि नकाशात आयता खड्डा दिसत होता. लांबी, रुंदी, खोली, सगळा हिशेब तयार. अठरा ट्रक.

"खड्डा कुठंय?" पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला.

"खड्डा नाहीये."

"मग माती टाकू कुठे?"

अचूकरावांनी क्षणभर विचार केला. "वर."

संध्याकाळपर्यंत लिंबाचं झाड, पाटी आणि कपड्यांची दोरी मातीखाली गेली. वरच्या मजल्याच्या गॅलरीला भिडलेला ढिगारा कुंपणापर्यंत उतरत गेला होता. बायको डोक्याला पदर बांधून नुसती बघत होती. सासरे त्या दिवशी सकाळपासून वरच होते. ते गॅलरीत आले, वाकून बघितलं, काठीने माती दोनदा ठोकली.

"अहो, लोहाराला बोलवा," ते म्हणाले. "हा कठडा हातभर कापायचाय."

"त्याला परवानगी लागते का?" बायकोने विचारलं.

"विचारूच नका!" जावई आणि सासरे एकदम ओरडले.

आठ दिवसांत उतार तुडवून घट्ट झाला. सासरे सकाळी गॅलरीतून निघत, रमतगमत खाली कुंपणापाशी उतरून जेवणघराच्या मागच्या दारी येत, चहा घेत आणि त्याच वाटेने दुपारी वर झोपायला जात. एकही पायरी नाही. बांधकाम परवानगीचं नवं पत्र आलं, मंजूर म्हणून. त्यांनी ते पेपरच्या रद्दीत ठेवलं.

मग एके दिवशी मोजणीदार आला. तळं बुजल्याची खात्री करून नकाशात नोंद करायची होती. त्याने मान वर केली. उतारावर मधोमध खुर्ची टाकून सासरे ऊन खात बसले होते.

"तळं गेलं, ते ठीक. पण ही टेकडी नकाशात टाकावी लागेल," मोजणीदार टेप काढत म्हणाला. "उंची किती असेल? तीन मीटर?"

अचूकरावांनी त्याच्या हातातला टेप हलकेच मिटला आणि दुसऱ्या हातात चहाचा कप दिला.

"माती अजून बसायचीय," ते म्हणाले. "बसली की आम्हीच कळवू."