विषय अंगावर बसत नाही

आमच्या कॉलेजात शिवणकाम शिकवणाऱ्या बिराजदार बाईंना त्यांचा स्वतःचा ब्लाऊज नीट बसलेला मी कधीच पाहिला नाही. खांदा दंडावर उतरलेला, बाही कोपराखाली आलेली आणि पाठीवर एवढी जागा की हजेरीपत्रक सहज मावावं. हे सगळं झाकायला बाई दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटून घेतात. सोलापुरात एप्रिलमध्ये अंगावरची कातडीसुद्धा काढून खुंटीला लावावीशी वाटते, तेव्हाही बाईंचा पदर जागचा हलत नाही.

बरं, हात वाईट म्हणावा तर तसंही नाही. सव्वीस वर्षं त्यांनी शिकवलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आज दुकानं थाटून बसल्या आहेत आणि लग्नाच्या ब्लाऊजचं काही बिघडलं की गुपचूप बाईंकडेच धावत येतात. माझेही सगळे ब्लाऊज त्याच शिवतात. माप घेत नाहीत. दारातून आत येणाऱ्या माणसाकडे एकदा बघितलं की त्यांना आकडा कळतो, आणि मग त्या माणसाचं नाव विसरून आकडाच लक्षात ठेवतात. आमचे प्राचार्य म्हणजे ‘बेचाळीस, पोट चव्वेचाळीस’. मी ‘छत्तीस, पण स्वतःला चौतीस समजते’. स्टाफरूममध्ये त्या कौतुकानं सांगायच्या, “यंदा एक तीस आली आहे, लई हुशार पोरगी. डावा खांदा जरा उतरलाय तिचा.” त्या मुलीचं नाव विचारलं तर बाईंना रजिस्टर उघडावं लागायचं.

त्यांच्या ढगळ ब्लाऊजबद्दल कॉलेजात बरीच मतं होती. ऑफिसातले लोक म्हणायचे, बाईंना साखर आहे, अंग उतरलंय. इंग्रजीच्या मॅडम म्हणायच्या, चिक्कूपणा, दुसरं काय. माझं मत असं होतं की त्यांची थोरली बहीण वारली, तिचे ब्लाऊज उरले असतील, तेच बाई वापरून संपवतायत. हे मत मी दोनचार जणींना हसत हसत सांगितलंही होतं. आता त्याची लाज वाटते.

यंदा जानेवारीत स्नेहसंमेलन झालं आणि प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. कॉलेजची तपासणी करायला समिती येणार, त्याआधी एप्रिलमध्ये आपल्याच सभागृहात एक परिषद भरवायची आणि प्रत्येक शिक्षकानं त्यात एक शोधनिबंध वाचायचा, असं ठरलं होतं. सगळ्यांकडून विषय गोळा करायचं काम माझ्यावर आलं. मी मराठी शिकवते, आणि मराठी शिकवणाऱ्यांना काही काम नसतं अशी आमच्याकडे समजूत आहे. फेब्रुवारीअखेर यादी द्यायची होती. मी निघाले तेव्हा प्राचार्य हळूच म्हणाले, शिवणकाम विभागाला अनुदान नाही, मुली तेरा. निबंध आला तर तो विभाग काहीतरी करतोय असं समितीला दाखवता येईल. नाहीतर त्या दोन खोल्या कॉम्प्युटरला द्याव्या लागतील.

मी बाईंना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी स्वतःच्या नोकरीचं काही विचारलं नाही. आठ मशिनी कुठं जातील, एवढंच विचारलं.

मग विषय शोधायला सुरुवात झाली. बाई मूळच्या अक्कलकोटच्या, घरात कानडी. नको म्हणायचं असलं की त्यांच्या तोंडून ‘ब्याड’ निघतं. त्या दीड महिन्यात हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की स्वप्नात भाजीवालीलाही ब्याड म्हणाले असेन. प्रत्येक विषय बाई आधी उचलायच्या, दोन दिवस मिरवायच्या आणि तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन सांगायच्या, “ब्याड गं. विषय अंगावर बसत नाही.” त्यांच्या दंडावर उतरलेल्या खांद्याकडे बघत हे ऐकायचं आणि हसू गिळायचं, याची मला सवय झाली.

पहिला विषय शाळेच्या गणवेशांचा. आमच्या गावात गणवेश शिवून कुठल्या कुठल्या राज्यात जातात, तेव्हा विषय हाताशीच होता. बाई प्रश्नावली घेऊन एका कारखान्यात गेल्या. मी सोबत होते. तिथं एक बाई शर्टाला बाही लावत होती आणि दर वेळी काखेत चुणी पडत होती. बिराजदार बाईंनी पर्स माझ्याकडे दिली, तिला उठवलं आणि स्वतः मशिनवर बसल्या. दोन तासांनी उठल्या तेव्हा सदतीस बाह्या लागल्या होत्या आणि प्रश्नावलीवर कुणीतरी चहाचा कप ठेवला होता. मालकानं बाईंना किती पगारावर कामाला येणार म्हणून विचारलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, प्रश्न विचारायचे राहिलेच की.

दुसरा विषय मी सुचवला. सोलापुरी चादरीची जाकिटं हल्ली शहरातली मुलं घालतात, त्यावर लिहा. बाईंनी एक जाकीट आणून उलटं केलं. माणूस असो वा कपडा, त्यांचा विश्वास आतल्या बाजूवर. बराच वेळ आतल्या शिवणी बघून त्या म्हणाल्या की चादर पांघरायची वस्तू आहे, तिला बाह्या फुटायचं कारण नाही. झालं, जाकीट परत गेलं.

तिसरा विषय बायकांच्या कपड्यांना खिसा का नसतो हा. यावर बाई खूप खूश होत्या. पण मुलींना विचारायला गेल्या आणि ज्या मुलीला खिसा नव्हता तिच्या ड्रेसला तिथंच खिसा लावून द्यायला लागल्या. आठवडाभरात तेरापैकी तेरा मुलींना खिसे झाले आणि अभ्यासाला बिनखिशाची मुलगीच उरली नाही.

फेब्रुवारी संपत आला. यादीत सगळ्यांच्या नावापुढं विषय होते, काहींचे तर इतके लांबलचक की वाचताना दम लागावा. बिराजदार बाईंच्या नावापुढची जागा तेवढी कोरी. तेव्हा मला स्वतःवर खूश होण्याजोगा विषय सुचला. आपण बायका शिंप्याकडे जाताना एक जुना, बरोबर बसणारा ब्लाऊज नेतो आणि सांगतो, याच मापाचा शिवा. तो मापाचा ब्लाऊज दहा दहा वर्षं पिशवीतून जात येत असतो. बाईचं अंग बदलतं, पण तो तोच. यावर लिहा, मी म्हटलं. घरोघरी नमुने मिळतील.

बाई ब्याडसुद्धा म्हणाल्या नाहीत. हातातल्या कापडाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाल्या, “नमुन्याचा अभ्यास करायचा तर आधी तो उसवावा लागतो. मीच शिकवते पोरींना.” आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या कॉलेजात आल्या नाहीत. सव्वीस वर्षांत त्यांनी घेतलेल्या रजा ऑफिसातल्या लोकांना तोंडपाठ होत्या, इतक्या त्या कमी.

शेवटच्या तारखेला मी त्यांच्या घरी गेले. बाळीवेशीजवळ दोन खोल्यांचं घर. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही पुढं ठेवून त्या पुन्हा मशिनजवळ बसल्या. यादी पर्समध्ये होती, पण ती काढायचं धाडस होईना. मी उगाच मशिनकडे बघत राहिले.

मशिनवर एक जुना मरून खणाचा ब्लाऊज पसरला होता. धुऊन धुऊन त्याचा रंग गेला होता, काठ विरले होते. शेजारी मोरपंखी कापड होतं, खडूनं आखलेलं, अर्धं कापलेलं. ते कापड मी ओळखलं. स्नेहसंमेलनाला आम्ही सगळ्या शिक्षिकांनी एकसारख्या मोरपंखी साड्या घेतल्या होत्या, त्यातलाच हा ब्लाऊजपीस. माझा बाईंनीच शिवला होता, जानेवारीतच. स्वतःचा आता काढला होता, आणि खडूची रेघ त्या मरून ब्लाऊजच्या कडेनं गेली होती. चौतीस मापाच्या बाई स्वतःसाठी नवाकोरा चाळीसचा ब्लाऊज कापत होत्या.

म्हणजे उरलेले कपडे वापरून संपवणं वगैरे काही नव्हतं. मी खाणं थांबवलं. बाईंनी माझी नजर पाहिली आणि त्यांना कळलं.

“अक्काचा हाय,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, कापडावरची नजर न उचलता. अक्का त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. अक्कलकोटला घरी बसून लोकांचं शिवायची आणि त्यावर तिनं धाकटीला सोलापुरात ठेवून शिकवलं. अंगानं भरलेली, हसली की खांदे हलायचे. मग किडन्या गेल्या, तेव्हा बाईंनी तिला सोलापुरात स्वतःकडे आणलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. अंग इतकं झरझर उतरलं की दर महिन्याला नवं माप लागावं. पण अक्का टेपला हात लावू द्यायची नाही. जुन्या मापाचंच शिव म्हणायची. आणि ज्यांना दारातून बघून आकडा कळतो त्या बाई समोर तेहेतीस दिसत असताना चाळीसचे ब्लाऊज शिवत राहिल्या. दवाखान्यात न्यायच्या आधी त्या अक्काच्या पाठीमागं उभ्या राहून ब्लाऊजला पिन लावायच्या, म्हणजे आरशात पुढून तो बरोबर बसलेला दिसावा. अक्काला पिन कळायची. ती दर वेळी एकच म्हणायची, घट्ट नको करू गं, भरून यायचंय अजून.

“ती गेल्यावर मी माझ्या मापाचा काढायला बसले,” बाई म्हणाल्या. “दोनदा कापड पसरलं. कात्री चालंना. बिनमापाची झाले बघ मी. मग म्हटलं, असू दे हेच.”

घरात दोघींची भांडी होती, दोन खुर्च्या होत्या, आणि त्या दुसऱ्या माणसाच्या मापाचं कापड अजून मशिनवर येत होतं. मला फार वाईट वाटलं. आपण स्टाफरूममध्ये काय काय बोललो ते आठवून आणखी वाईट वाटलं.

निघताना मी यादी काढली आणि म्हटलं, विषय राहू दे बाई, मी प्राचार्यांना काहीतरी सांगते. त्यांनी यादी ओढून घेतली, मशिनच्या खणातून पेन काढलं आणि शिवणीसारख्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: दीर्घ आजारात अंग उतरलेल्या स्त्रियांचे कपडे, माप आणि शिवण. लिहून झाल्यावर कागद दूर धरून पाहिला.

“बसतोय,” त्या म्हणाल्या.

पुढचा दीड महिना दुपारी तास संपले की बाई दवाखान्यात जायच्या. तिथलं बाकडं त्यांच्या ओळखीचं होतं. या वेळी त्यांनी प्रश्नही विचारले आणि कपडेही दुरुस्त करून दिले. सहा बायकांवर निबंध झाला. टाइप करून आलेला निबंध तपासायला माझ्याकडे आला. प्रत्येक नमुन्याखाली फोटो होता आणि त्या बाईची सही किंवा अंगठा. नमुना क्रमांक चारखाली यातलं काहीच नव्हतं. फक्त एवढं होतं: मूळ माप चाळीस, आजारात तेहेतीस. रुग्णाने नवीन माप देण्यास नकार दिला. नमुना उसवलेला नाही.

त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मी दुरुस्त केल्या. त्या तीन ओळींना हात लावला नाही.

जूनमध्ये विभाग बंद झालाच. समितीनं निबंधाचं कौतुक केलं म्हणे, पण प्रवेश फक्त पाच आले होते. आठ मशिनी आता जिन्याखाली चादरी घालून ठेवल्या आहेत. बाई अधूनमधून येऊन त्यांना तेल घालून जातात. ऑफिसातले लोक त्यांना अडवत नाहीत.

एप्रिलमधल्या त्या परिषदेतलं बाईंचं वाचन सोडलं तर बाकीचं मला फारसं आठवत नाही. सभागृहात उकाडा होता आणि जेवणाची वेळ झाल्यामुळे अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बाई मोरपंखी साडी नेसून निबंध वाचायला उभ्या राहिल्या. एका हातात कागद, दुसऱ्या हातात माईक, त्यामुळे पदर सावरायला हातच उरला नाही. दुसऱ्याच पानाला तो सरकला आणि उजवा खांदा दंडावर उतरला. मागच्या रांगेतल्या मुली हसल्या. बाईंनी ऐकलं असावं, कारण आवाज थोडा खाली गेला. पण वाचणं थांबलं नाही. त्या नमुना क्रमांक तीनवर होत्या.

मी पाण्याचा ग्लास घेऊन स्टेजवर गेले. ग्लास टेबलावर ठेवला, त्यांच्या मागं गेले, माझ्या पदराची पिन काढली आणि पाठीवरचं जास्तीचं कापड चिमटीत धरलं. बाई मधेच थांबल्या. सभागृहाला वाटलं असेल, पान चिकटलंय.

माईक जरा बाजूला धरून, मागं न बघता त्या म्हणाल्या, “घट्ट नको करू गं.”

मी पिन सैलच लावली. मग त्यांनी माईक पुन्हा तोंडाजवळ घेतला आणि चौथा नमुना वाचायला सुरुवात केली.