शोभेची वस्तू, हालणारी, नग एक

आमच्या कार्यालयात हरवलेल्या दाखल्यांच्या दुय्यम प्रती मिळतात. ज्याचा मूळ दाखला हरवला आहे त्याने, तो हरवल्याचा दाखला जोडून, अर्ज करायचा असतो. मी इथला हेडक्लार्क. मी नियमाबाहेर शिंकतसुद्धा नाही असं लोक म्हणतात. ते साफ खोटं आहे. शिंकण्याबाबत नियमच नाही, मी शोधून पाहिलंय. या उन्हाळ्यात जे काही झालं त्यात माझी काडीचीही चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाच्या मनात भलतंसलतं यायला नको.

सुरुवात झाली आवक-जावक सांभाळणाऱ्या ताईंपासून. त्यांची मुलगी शिकायला परगावी गेली आणि जाताना आपला ॲक्सोलॉटल आईच्या गळ्यात मारून गेली. हा प्राणी पाण्यात राहतो, पण मासा नव्हे. त्याला चार पाय असतात, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुलाबी पिसांसारखे कल्ले असतात, आणि तोंडाची ठेवणच अशी की जन्मभर हसतमुख दिसतो. म्हणून त्याचं नाव हसऱ्या. या हसऱ्याला पाणी सतरा-अठरा अंशांचं लागतं. वीसच्या वर गेलं की तो खाणं सोडतो, शेपटीचं टोक आत वळवतो, आणि त्यापुढे काय होतं ते ताई तोंडातून काढत नाहीत. त्यांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली. दुपारी भिंतीला पाठ टेकवली तर भाजते. म्हणून आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत, जुन्या फायलींच्या कपाटाआड, उन्हाळ्यापुरती टाकी ठेवू द्यावी, असा रीतसर अर्ज त्यांनी केला.

साहेबांनी सवयीप्रमाणे तो माझ्याकडे टोलवला. कार्यालयात प्राणी आणायला मनाई आहे, पण शोभेच्या वस्तूंना मुभा आहे. मी वस्तूंच्या नोंदवहीत लिहिलं : ‘शोभेची वस्तू, हालणारी, नग एक.’ ताईंनी हात जोडले. मुलीला शब्द दिलाय हो, म्हणाल्या, पावसाळा लागेपर्यंत त्याला काही होऊ द्यायचं नाही. मुलगी रोज जेवणाच्या सुट्टीत फोनवरून हसऱ्याला बघायची, शेपटी दाखव म्हणायची, आणि टोक सरळ आहे हे पाहिल्यावरच स्वतः जेवायची.

थंडाव्याची व्यवस्था साधी होती. साहेबांच्या फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या. एक टाकीत तरंगायची, ती वितळेपर्यंत दुसरी तयार व्हायची. शिपाईकाका त्या ठरल्या वेळी बदलायचे. साडेदहा, बारा, दीड, तीन, साडेचार. काका निवृत्तीला आलेले, गुडघ्यांनी आधीच राजीनामा दिलेला, पण एकदाही वेळ चुकली नाही. आमच्या कार्यालयात वेळेवर झालेलं हे पहिलंच काम असावं.

आठवड्याभरात घोळ झाला. टाकी पुसताना काकांच्या हातून ताईंचा तापमापक फुटला. नवा घ्यायचा तर तीन दुकानांची दरपत्रकं, मग तुलनात्मक तक्ता, मग मंजुरी; तोवर हिवाळा आला असता. ताई रडकुंडीला आल्या. पाणी किती तापलंय हे कळायलाच हवं होतं. तेव्हा साहेबांचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथे कार्यालयाचा शिक्क्याचा तापमापक टांगलेला होता. एका कार्यालयाला असा एकच मिळतो, आणि दुसऱ्या कुठल्याही तापमापकाचा आकडा कागदावर चालत नाही. साहेब म्हणाले, शोभेची वस्तू कार्यालयाची, तापमापकही कार्यालयाचा. घरातल्या घरात कसली मंजुरी? काकांनी पाटीवरची काचेची नळी सोडवली आणि दोरीने टाकीत सोडली.

आता माझी बाजू ऐका. रोज अकरा आणि तीन वाजता शिक्क्याच्या तापमापकाचा आकडा वहीत लिहून मुख्यालयाला कळवणं हे माझं काम. वहीत रकाना आहे, ‘तापमापकाने दर्शविलेला आकडा’. तो कुठे टांगलाय, हा रकानाच नाही. मी अकरा वाजता टाकीशी गेलो, चष्मा पुसला, आकडा पाहिला आणि लिहिला : सतरा.

काका मागून डोकावले. “भाऊसाहेब, सतरा? माझं बनियन पिळलं तर बादली भरेल.”

मी त्यांना समजावलं की बनियनवर शिक्का नसतो.

पंधरा दिवसांनी मुख्यालयाचं पत्र आलं. भर उन्हाळ्यात कार्यालय इतकं थंड ठेवल्याबद्दल अभिनंदन, आणि त्याखाली दोन ओळी. चोवीसच्या खाली पंखे लावणं ही उधळपट्टी आहे, सबब पंखे बंद करावेत. दुसऱ्या दिवशी वायरमन आला आणि पंख्यांचे फ्यूज काढून घेऊन गेला. आम्ही फायलींच्या पुठ्ठ्यांनी वारा घेऊ लागलो. टंकलेखक तर पाठीला ओला टॉवेल बांधून बसायचा. पण वही बोलत होती सतरा, आणि वहीवर माझी सही होती, तिच्याखाली साहेबांची.

इथे कुणालाही वाटेल, नळी बाहेर काढा आणि भिंतीवर लावा, त्यात काय मोठंसं. मलाही वाटलं होतं. पण एका दिवसात सतराचे एक्केचाळीस झाले तर मुख्यालय विचारणारच : काल आग लागली होती का? आणि लागली नव्हती, तर तीस नोंदी खोट्या कुणाच्या? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे पाहिलं, आणि आम्हा दोघांनाही एकदम गारठा जाणवला. तो या उन्हाळ्यातला एकमेव.

नळी टाकीतच राहिली. महिना पुरा झाल्यावर दुसरं पत्र आलं. तापमान सलग तीस दिवस अठराच्या खाली, कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीस धोका, सबब तीन हिटर पाठवीत आहोत, कार्यालयीन वेळेत अखंड चालू ठेवावेत. टेम्पो दारात उभाच होता. हिटर बसवणाऱ्या माणसाने कपाळाचा घाम पुसत विचारलं, नक्की इथेच का? मी पत्र दाखवलं. त्याने पत्राकडे पाहिलं, मग टंकलेखकाच्या टॉवेलकडे, आणि मुकाट्याने खिळे ठोकले.

हिटर लागले तशी खोली भट्टीसारखी तापली. लाखेच्या कांड्या आपोआप वाकल्या. डिंक पातळ झाला, पाकिटं चिकटेनात. बाहेर रांगेत उभे असलेले लोक आत आले की उन्हात परत जायचे, तिथे बरं वाटतं म्हणून. आणि हसऱ्याचं पाणी वर चढू लागलं. एकोणीस, वीस, एकवीस. काका आता दर अर्ध्या तासाला बाटल्या बदलत होते. फ्रिज पुरेना, म्हणून कोपऱ्यावरच्या बर्फवाल्याकडून पिशव्या आणू लागले. गुडघे धरून चालायचे, पण टाकीशी आले की दोन मिनिटं थांबून म्हणायचे, काय रे हसऱ्या, हसतोस काय, आमची इथे वाट लागलीय.

एके दिवशी हसऱ्याने गांडुळाकडे पाहिलंसुद्धा नाही. शेपटीचं टोक आत वळलं होतं. त्या दुपारी ताईंनी मुलीला फोनवर फक्त तोंडाची बाजू दाखवली. पोरीने विचारलं, शेपटी कुठाय? ताई म्हणाल्या, पाण्यात आहे. मग डोळ्याला पदर लावून त्या साहेबांच्या खोलीत गेल्या, आणि म्हणाल्या की मी याला घरी नेते, भिजल्या गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली ठेवीन, रजा घेऊन उशाशी बसेन.

साहेबांनी नाहरकत नाकारली. टाकी गेली तर नळी बाहेर येणार, नळी बाहेर आली तर आकडा चढणार. शिवाय नोंदवहीतली वस्तू उन्हाळा संपायच्या आत बाहेर कशी जाईल? ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फायलीत डोकं घातलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. पण लाजेचा रकानाही वहीत नाही.

तिसऱ्या दिवशी मुख्यालयातून तपासणी अधिकारी आले. हिटर नीट चालतात का ते पाहायला. आमचे आकडे वाचून आले होते, म्हणून अंगात लोकरी कोट, गळ्यात मफलर, हातात मोजे. दारातून आत पाऊल टाकलं आणि त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. आम्ही सगळे उभे राहिलो. आता हे मफलर काढतील आणि आमचे बारा वाजतील, असं मला वाटलं.

त्यांनी मफलर आणखी एक वेढा देऊन घट्ट केला. “छान गारठा आहे इथे,” ते म्हणाले.

साहेब म्हणाले, हो ना, संध्याकाळी तर जास्तच. मी हात चोळले. टंकलेखकाने टॉवेल शालीसारखा खांद्यावर ओढला. घामाचे ओघळ प्रत्येकाच्या हनुवटीवरून टपकत होते आणि खोलीत थंडीवर चर्चा चालली होती.

तेव्हा ताई कपाटाआडून बाहेर येऊन अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द खिळ्यासारखा ठोकला. “साहेब, तुम्हाला उकडतंय. मला उकडतंय. आम्ही मोठी माणसं, खोटं बोलून सोसतो. त्या मुक्या जिवाला खोटं बोलता येत नाही. तो मरतोय. काहीतरी करा.”

त्यांनी अधिकाऱ्यांना टाकीशी नेलं. अधिकाऱ्यांनी हसऱ्याकडे पाहिलं, मग दोरीला लटकलेल्या नळीकडे, मग नळीवरच्या बावीस आकड्याकडे. त्यांच्या ध्यानात सगळं आलं. पंखे बंद करण्याच्या ओळींखाली त्यांची सही होती. हिटरच्या पत्रावर त्यांची सही होती. अभिनंदनाखाली तर वेगळी, हिरव्या शाईत होती. त्यांनी नियमावली मागवली.

मी उभ्या आयुष्यात पुष्कळ नियम वाचले, पण नियमाचा असा उपयोग करणारा माणूस पाहिला नव्हता. त्यांनी दोन तास पानं उलटली. पान चौदावर त्यांना हवं ते सापडलं : ‘कार्यालय म्हणजे ज्या जागेचे तापमान या नियमान्वये नोंदविले जाते ती जागा.’ त्यांनी पुस्तक मिटलं आणि टाकीकडे बोट दाखवून सांगितलं, हे तुमचं कार्यालय. आणि आपण सगळे उभे आहोत तो, कार्यालयाबाहेरचा मोकळा परिसर.

मोकळ्या परिसरात हिटर लावता येत नाहीत. दहा मिनिटांत तिन्ही बंद झाले. एकाही नोंदीत खाडाखोड करावी लागली नाही, कुणाला खुलासा द्यावा लागला नाही. मोकळ्या परिसरात पंखेही लावता येत नाहीत, पण मान वाचली असताना मानेवरच्या घामाचं कोण बघतो? काकांनी बर्फाची पिशवी टाकीत ठेवली. चार वाजता पाणी अठरावर आलं. दुसऱ्या दिवशी शेपटी सरळ झाली आणि हसऱ्याने लागोपाठ दोन गांडुळं गट्टम केली. ताईंनी मुलीला फोन लावला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा हसऱ्या दाखवला. पोर रडायला लागली, ताई रडायला लागल्या, आणि काका म्हणाले की माझ्या डोळ्यात बर्फ गेलाय.

एक छोटी अडचण राहिली. हजेरी कार्यालयात लावायची असते, आणि कार्यालयात आमच्यापैकी कुणीच नव्हतं. तपासणी अधिकाऱ्यांनी जाता जाता तीही सोडवली. त्यांनी आम्हा सर्वांना दौऱ्यावर दाखवलं. मी टाकीपासून चार हात अंतरावर दौऱ्यावर असतो, साहेब बारा हात. हजर एकटाच : नग एक.

आता दौऱ्यावरच्या माणसाला अर्ज स्वीकारता येत नाही. म्हणून रांग टाकीपुढे लागते. माणूस अर्ज काचेला लावून धरतो. हसऱ्या सावकाश पुढे येतो, कल्ले हलवतो, तोंडभर हसतो आणि परत कपारीत जातो. मग अर्ज माझ्या ट्रेमध्ये पडतो. दुय्यम प्रत मिळायला पूर्वीइतकेच दिवस लागतात, पण तक्रारी शून्यावर आल्या आहेत. या कार्यालयात पहिल्यांदाच कुणीतरी शांतपणे ऐकून घेतलं, असं लोक अभिप्रायाच्या वहीत लिहून जातात.

त्या वहीत शेवटचा रकाना आहे, ‘कार्यालयातील हवा’. थंड, सुखद, अतिसुखद, यांपैकी एकावर खूण करायची. परवा रांगेतला एक गृहस्थ ओरडला, अहो, इथे माणसं उकडून निघतायत, हे काय लावलंय? सगळी रांग त्याच्याकडे बघू लागली. मी घाबरलो, कारण रांगेने हो म्हटलं असतं तर पान चौदा आम्हाला वाचवू शकलं नसतं.

पण त्याच्या पुढे तुम्ही उभे होतात. आठवतंय ना? मागे वळून तुम्हीच त्याला हळूच म्हणालात, “गप्प बसा हो, उगाच आपले दाखले अडकतील.” मग तुम्ही वही ओढलीत आणि ‘अतिसुखद’वर खूण केलीत. त्या खुणेवर तुमच्या कपाळाचा घाम पडून शाई पसरली आहे. काळजी करू नका, खूण वाचता येते. मी तिच्याखाली सही केली आहे.