दर मिनिटाचा पहारा

त्या शुक्रवारी आमच्या ऑफिसात एक संगणक, त्यावर दोन टूलं, तीन माणसं आणि त्यांतलाच एक संशयित होता. संशयित कॅम. उरलेल्या दोघींपैकी एक मी, टेस, आणि दुसरी आमची साहेबीण नरेल, जिला स्वतःचाच पासवर्ड आठवत नाही. लॉगिन पळवणारा चोर पद्धतशीरपणे शोधला की सापडतोच. दुपारच्या आत पकडून दाखवते, असं मी नरेलला सांगूनही टाकलं.

होबार्टजवळच्या खाडीत पाणी तपासणारी आमची यंत्रं तरंगतात. पहिलं टूल त्यांचे कच्चे आकडे आणतं, दुसरं ते अन्नसुरक्षा खात्याला पाठवतं. त्याला चार मिनिटं लागतात. मग खातं पाण्याचा खारेपणा कळवतं. पाऊस झाला की नदीचं गोडं पाणी खाडीत शिरतं आणि ऑयस्टर, म्हणजे कालवं, काढायला बंदी येते, तशी ती तेव्हा आलेली होती. खारेपणा हजारात चोवीस भागांच्या वर असेल तरच ती उठते. आकडे शुक्रवारी तीनच्या आत गेले नाहीत, तर सोमवारपर्यंत बंदी.

"पोरी, माझा ट्रक उभा आहे," ग्वेंडाबाईंचा फोन आला. खाडीत त्यांची ऑयस्टरची शेती आहे. "उद्याच्या लग्नाला ऐंशी डझन कबूल करून बसलेय. पाठवतेस ना?"

"पाठवलेच समजा," मी म्हणाले.

पाठवायला घेतलं आणि निम्म्यात दुसरं टूल म्हणालं, 'तुम्ही लॉगिन केलेलं नाही.' आत्ताच तर केलं होतं. थोड्या वेळाने पुन्हा केलं. पुन्हा निम्म्यात बाहेर.

आमच्याकडे एक रीत आहे. स्क्रीन उघडी टाकून कुणी उठलं, की दुसऱ्याने त्याच्या नावाने सगळ्यांना लिहायचं, 'उद्या लॅमिंग्टन मी आणणार.' कॅमने मला असा केक दोनदा आणायला लावलाय.

"कॅम, माझं लॉगिन तू घालवतोयस?"

"मला माझी कामं आहेत, फौजदारीणबाई," तो म्हणाला. "कॉफी आणायला चाललोय. पंचनामा झाला असेल तर जाऊ?"

निर्दोष माणूस इतका निवांत नसतो. तो जाताच मी पहारेकरी लिहिला. छोटासाच प्रोग्राम, दर मिनिटाला तो पहिल्या टूलला विचारणार, 'आत कोण आहे?' आणि उत्तर टिपून ठेवणार. आता दर मिनिटाला लॉगिन जायला लागलं. चोर घाबरलाय, मी नरेलला म्हटलं. कॅम ऑफिसात नव्हता, म्हणजे हे तो कॅफेतून करत होता. मी त्याला फोन लावला.

"कॅम, हातातला फोन खाली ठेव."

"ठेवला तर बोलू कशाने?"

"इकडे ये. आत्ताच्या आत्ता."

तो आला, दोन्ही हातांत कॉफीचा ट्रे धरून. अडीच वाजून गेले होते. लॉगिनची किल्ली ज्या लपलेल्या फाइलमध्ये असते, ती मी सर्वांसमक्ष उघडली. "हिला शेवटचा हात कुणी लावला, ते इथे दिसतं."

आमच्या देखत फाइल बदलली. कॅमचे दोन्ही हात ट्रेला होते.

"ट्रे ठेवू का गं?"

"हलू नकोस."

एक मिनिट गेलं. फाइल पुन्हा बदलली.

"टेस," नरेल हळूच म्हणाली, "इथे दर मिनिटाला काय होतं गं?"

मी फाइल वरपासून वाचली. दोन्ही टूलं किल्ली याच एका फाइलमध्ये ठेवत होती आणि ठेवताना दुसऱ्याची पुसत होती. पहिलं टूल एरवी पाव तासाने एकदा जागं व्हायचं. माझा पहारेकरी त्याला दर मिनिटाला उठवत होता.

"चोर सापडला का?" कॅमने विचारलं. "माझे हात दुखतायत."

"ठेव तो ट्रे," मी म्हणाले. पहारेकरी बंद केला. दोन्ही टूलांना वेगवेगळ्या फाइली दिल्या. लॉगिन केलं आणि आकडे सोडले. चार मिनिटं कॅम कॉफीचे भुरके मारत होता.

आकडे गेले तेव्हा तीनला सहा मिनिटं कमी होती. तेवढ्यात ग्वेंडाबाईंचा फोन.

"ट्रक सुरू करू का, पोरी?"

खात्याचं उत्तर समोर उमटत होतं. मी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं.

खारेपणा, हजारात: एकवीस पूर्णांक तीन दशांश.