पसोपेश

हमीदभाई हॉटेलात बसले की वेटर आधी दुसरी टेबलं पुसून यायचा. चहा घ्यावा की कॉफी, हे ठरायला त्यांना तेवढा वेळ लागतोच. "पसोपेश हाय, थांब जरा," म्हणायचे. हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. पस म्हणजे मागं, पेश म्हणजे पुढं. मागं जावं की पुढं, हे ठरेना की माणूस पसोपेशात पडला, असं त्यांनीच मला समजावलं.

हसू नका. इतका पक्का इन्स्पेक्टर भोसरीच्या आमच्या कंपनीत दुसरा झाला नाही. मशीनवरचा पार्ट चांगला असेल तर हिरव्या क्रेटमध्ये, खराब असेल तर लाल, आणि नक्की सांगता येत नसेल तर पिवळ्यात. बाकीचे पिवळ्याच्या भानगडीत पडत नसत, शंका आली की लालमध्ये टाकून मोकळे. हमीदभाई पार्ट पिवळ्यात ठेवायचे, चिठ्ठीवर तारीख घालायचे आणि रोज नव्याने मोजायचे. मुदत आठ दिवस. "नवव्या दिवशी पसोपेश न्हाई राहत, राव. नवव्या दिवशी त्याला आळस म्हणत्यात."

मलाही त्यांनी पिवळ्यात ठेवलं होतं. लातूरहून नवाच आलो होतो आणि अख्ख्या शिफ्टचे पार्ट बिघडवून बसलो होतो. साहेब मला काढायला निघाले. हमीदभाई म्हणाले, "आठ दिवस द्या." ते आठ दिवस जमेल तेव्हा माझ्या मशीनपाशी येऊन नुसते उभे राहायचे. आठव्या दिवशी साहेबांना म्हणाले, "ओके हाय." त्या ओकेवर आज माझं घर चाललंय.

गेल्या रविवारी त्यांच्या दिघीच्या घरी गेलो. रिटायर होताना मागून आणलेला पिवळा क्रेट कपाटावर होता. आत एकच लग्नपत्रिका, चार वर्षांपूर्वीची, त्यांच्या मुलाची. मुलगी त्यानं स्वतः पसंत केलेली. जायचं की नाही, यावर भाई पसोपेशात राहिले आणि तेवढ्यात लग्न होऊन गेलं. मुलगा मारुंजीत राहतो, पण तेव्हापासून बापलेकांचं बोलणं नाही. पत्रिकेवर चिठ्ठीवर चिठ्ठी टाचलेली, दर आठ दिवसांनी नवी तारीख. शेवटची आदल्या दिवसाची होती.

"आज नातीचा दुसरा वाढदिवस हाय," ते म्हणाले. "सूनबाईनं फोन केला, या म्हणून. पण पोरगं दारात काय म्हणंल?"

मला फार वाईट वाटलं. ज्यानं मला आठ दिवसांत निकाल दिला, त्याचा स्वतःचा निकाल चार वर्षं लागला नव्हता.

"भाई, नववा दिवस कधीच होऊन गेला," म्हणत मी चिठ्ठीवर ओके लिहायला पेन काढला.

"सही इन्स्पेक्टरची लागती," म्हणून त्यांनी पेन माझ्या हातातून घेतला. सही केली आणि लगेच चपला घातल्या.

मारुंजीला पोचलो तेव्हा दार मुलानंच उघडलं. बापाला बघून तो जागीच थबकला. पुढं येईना, मागं सरेना.

मी काहीतरी बोलणार, तोच हमीदभाईंनी माझा दंड धरला.

"थांब. माझंच पोर हाय, वेळ लागंल त्याला," ते हळूच म्हणाले. आणि दारात नुसते उभे राहिले, माझ्या मशीनपाशी राहायचे तसे.