हरिभाऊंनी सायकल पूर्ण केली

हरिभाऊ म्हात्रे आणि त्यांची मुलगी जिज्ञासा एकाच फ्लॅटमध्ये राहत असूनही पंधरा दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. सगळे निरोप नूतनवहिनींमार्फत जायचे.

"आई, पप्पांना सांग, गिझर चालू राहिलाय."

"तिला सांग, मना दिसतंय."

हे बोलताना दोघंही एकाच सोफ्यावर बसलेले असायचे आणि नूतनवहिनी मधे बसून भाजी निवडत असायच्या.

भांडण सायकलवरून झालं होतं. जिज्ञासा घराजवळच, कात्रपमधल्या एका लॅबमध्ये नोकरीला होती. स्वतःच्या पगारातून तिने एक बुटकी, जाड टायरची सायकल आणली आणि रोज संध्याकाळी ती घेऊन कसरती शिकायला जाऊ लागली. कठडे, पायऱ्या, फुटपाथची कड, जिथे शहाणा माणूस सायकलवरून उतरून चालतो तिथे ही सायकल उडवायची आणि कोपरं-गुडघे सोलवटून घरी यायची. हरिभाऊ एकदाच म्हणाले, "उद्या देऊन टाकतो भंगारवाल्याला." जिज्ञासाही एकदाच म्हणाली, "द्या. मग माझ्याशी बोलू नका." बाप-लेक दोघंही शब्दाचे पक्के निघाले.

पण पोर बोलत नाही म्हटल्यावर हरिभाऊंना जेवण गोड लागेना. शुक्रवारी त्यांच्या अंबरनाथच्या कंपनीला सुट्टी असायची. घरात एकटेच होते. बाल्कनीत गेले आणि त्यांनी ती सायकल पहिल्यांदाच नीट पाहिली. तीस वर्षं फिटरचं काम केलेला माणूस तो. त्यांना धक्काच बसला.

सायकलला मडगार्ड नव्हतं. स्टँड नव्हता, घंटी नव्हती, कॅरिअर नव्हतं. ब्रेकसाठी त्यांनी हँडल दोनदा चाचपलं. ब्रेकसुद्धा नव्हता!

"फसवली पोरीला," हरिभाऊ हळहळले. "अर्धीच सायकल गल्यात मारली. म्हणून तर रोज पडते बिचारी!"

त्यांचा सगळा राग क्षणात विरघळला. सायकल रिक्षात घालून त्यांनी थेट उल्हासनगर गाठलं. दुकानातल्या सिंधी शेठनी सायकलला एक प्रदक्षिणा घातली.

"साईं, ये तो अधूरी है."

"वोहीच तो बोलता मैं. पूर्ण सामान दे दो. लगानेका मैं लगाएगा."

संध्याकाळी जिज्ञासा घरी आली तेव्हा दारातच हरिभाऊ उभे होते. हातात नारळ होता. मागे स्टँडवर सायकल उभी होती. चकचकीत मडगार्डं, कॅरिअर, चेनवर जाळी, दोन्ही चाकांना ब्रेक, भली मोठी घंटी आणि पुढे फुलांची नक्षी असलेली बास्केट. सीट वीतभर उंच केली होती आणि हँडलला लिंबू-मिरची लटकत होती.

"आता झाली ना पुरी?" हरिभाऊंनी विचारलं. पंधरा दिवसांत त्यांनी तिला थेट विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. त्यांचे डोळे नुसते लकाकत होते.

जिज्ञासाने सायकल उचलून पाहिली; दुप्पट जड झाली होती. रविवारी कसरती शिकणाऱ्या सगळ्या ग्रुपसमोर ती पहिल्यांदाच तीन पायऱ्यांवरून उडी मारणार होती. तीन महिने तिने त्यासाठी हाडं ठेचून घेतली होती. तिने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मस्त झाली, पप्पा."

"रविवारी रजा टाकून आमी पन येतो बघायला!" हरिभाऊ म्हणाले. रविवारचं त्यांना नूतनवहिनींकडून कळलं होतं. त्यांनी खुशीत नारळ फोडला.

शनिवारी हरिभाऊ कामावर गेल्यावर जिज्ञासा पाना घेऊन बसली. पण हरिभाऊंनी आवळलेला नट कंपनीतही दुसऱ्या कुणाला सुटत नसे. त्यात नूतनवहिनी येऊन उभ्या राहिल्या.

"खबरदार काय काढलंस तर. किती दिवसांनी मानूस हसलाय!"

"अगं, पण उडणार कशी ती?"

"नसू दे उडत. बाप बोलतोय ना?"

 जिज्ञासाने पाना ठेवून दिला.

रविवारी उद्घाटनाविना पडून असलेल्या बागेत ग्रुप जमला होता. अंबरनाथ, उल्हासनगरहून पोरं आली होती. हरिभाऊ आणि नूतनवहिनी पायऱ्यांच्या वरच्या बाजूला कठड्यावर बसले होते. जिज्ञासाची सायकल पाहून ग्रुपचा म्होरक्या कल्पेश गार पडला.

"ये क्या है? दूध टाकायला चाललीस काय?"

"गप," जिज्ञासा दातओठ खात म्हणाली. "पप्पांनी केलीय. कोणी हसलं ना, तर बघ."

कोणी हसलं नाही. तिने वेग घेतला. पायऱ्यांच्या कडेला येऊन तिने पुढचं चाक उचललं आणि त्याच क्षणी स्टँड खाली पडला, मडगार्ड थडथडलं, घंटी आपोआप वाजली. सायकल उडाली नाही. तिन्ही पायऱ्या एकेक करून खणखणत उतरली आणि जिज्ञासा बास्केटसकट गवतात गेली.

नूतनवहिनी धावल्या. हरिभाऊ मात्र जागचे हलले नाहीत. ते इतर सायकलींकडे पाहत होते. पंधरा सायकली होत्या. एकीलाही कॅरिअर नव्हतं, मडगार्ड नव्हतं. सगळ्याच अर्ध्या होत्या.

त्यांच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. ते सावकाश पायऱ्या उतरून तिच्यापाशी आले.

"तू मना बोलली का नाय गो?"

"तुम्ही बोलायला लागला होतात ना, पप्पा," जिज्ञासा कोपर चोळत म्हणाली.

 हरिभाऊ उकिडवे बसले आणि त्यांनी खिशातून पाना काढला. दहा मिनिटांत स्टँड, जाळी, मडगार्डं, कॅरिअर सगळं गवतात येऊन पडलं. सीट खाली गेली. ब्रेकपाशी मात्र त्यांचा हात थांबला.

"ह्यो पन?"

"तो पण, पप्पा."

तीस वर्षांत त्यांनी इतक्या जड हाताने एकही नट सोडवला नव्हता.

जिज्ञासाने पुन्हा वेग घेतला. पायऱ्यांच्या कडेवर सायकल तिच्यासकट उचलली गेली, तिन्ही पायऱ्यांवरून अलगद गेली आणि दोन्ही चाकांवर टेकली. पोरांनी एकच गिल्ला केला. नूतनवहिनी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत होत्या. जिज्ञासा धापा टाकत बापाकडे आली.

"बघितलं?"

हरिभाऊंनी एक डोळा हळूच उघडला, मग दुसरा.

"झाला?" त्यांनी विचारलं. "मी डोले मिटलेले गो. परत मार ना."

"परत? तीन महिन्यांत पहिल्यांदा जमलंय ते!"

"आता नाय मिटनार. शप्पथ."

तिने परत वेग घेतला. हरिभाऊंनी नूतनवहिनींचा हात घट्ट धरला आणि डोळे वटारून ठेवले. या वेळी मागचं चाक शेवटच्या पायरीला अडकलं. जिज्ञासा एकीकडे, सायकल दुसरीकडे, असा तो सोहळा पार पडला. पोरं हळहळली.

हरिभाऊ एकटे उठून उभे राहिले आणि कडकडून टाळ्या वाजवू लागले.

"एक नंबर, बाय! असाच मारायचा असतो ना?"

गवतात पडल्या पडल्या जिज्ञासाने त्यांच्याकडे पाहिलं.

"हो पप्पा," ती म्हणाली. "अगदी असाच."